मांडव्याची बंद लाँच आणि कथेतले कच्चे दुवे

मुकुल आनंद यांच्या 'अग्निपथ' (1990) या चित्रपटाने रायगडच्या किनाऱ्यावरील मांडवा हे नाव देशभर पोहोचवले. गुंड कांचा चीनाच्या ताब्यात गेलेले हे गाव परत मिळवणे, हाच नायक विजय दीनानाथ चौहानच्या आयुष्याचा ध्यास असतो. प्रत्यक्षातला मांडवा अलिबाग तालुक्यात, मुंबई बंदराच्या पलीकडच्या काठावर, गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे, आणि म्हणूनच महानगराच्या इतके जवळचे गाव एका गुंडाच्या मुठीत वर्षानुवर्षे कसे राहते, असा प्रश्न चिकित्सक प्रेक्षकाला पडू शकतो. ज्या घटनेला कथेत पुरेसे कारण नसते, किंवा जी कथेनेच आधी घालून दिलेल्या नियमांशी जुळत नाही, ती कथेतला कच्चा दुवा ठरते. चित्रपटात असा दुवा बहुधा खपून जातो, कारण कॅमेरा नेईल तिकडेच प्रेक्षकाला जावे लागते आणि गावाबाहेरचा रस्ता त्याला स्वतः पाहता येत नाही.

व्हिडिओ गेमच्या लेखकाला ही सवलत नसते. खेळाडू वाट सोडून हिंडतो, दार ढकलून पाहतो, हाती आलेली वस्तू भलत्याच ठिकाणी वापरतो, आणि त्यामुळे खेळाचे नियमदेखील कथेचेच विधान ठरतात. 'फायनल फँटसी 7' (1997) मध्ये लढाईत कोसळलेल्या साथीदाराला 'फिनिक्स डाउन' नावाच्या वस्तूने पुन्हा उभे करता येते. परंतु खलनायक सेफिरॉथच्या तलवारीने एअरिथ ही साथीदार मरते तेव्हा, झोळीत ती वस्तू असूनही, खेळाडूला काहीच करता येत नाही. लढाईतले कोसळणे म्हणजे केवळ बेशुद्धी, असा खुलासा करता येतो व तो पटण्यासारखाही आहे. मात्र तो खेळानेच आधी स्पष्टपणे सांगितला असता, तर तिच्या मृत्यूच्या दुःखात ही शंका मिसळली नसती.

सर्वांत अवघड प्रश्न सीमेचा असतो. मोकळ्या दिसणाऱ्या जागेत पात्र एकाएकी अडते, पुढे समुद्र किंवा रस्ता दिसत असूनही पाऊल पडत नाही, त्या अडथळ्याला अदृश्य भिंत म्हणतात, आणि तिच्यामागे कथेतले कारण नसेल तर सारे जग खोटे वाटू लागते. 'ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी' (2002) मध्ये सुरुवातीला पूल बंद असतात, पण त्याचे कारण वादळाचा इशारा हे असल्याने खेळाडू ते सहज मान्य करतो.

मांडव्यावर गेम रचणाऱ्याला असे कारण निसर्गानेच दिलेले आहे, कारण पावसाळ्यात समुद्र खवळला की गेटवेच्या लाँच बंद होतात. तेवढ्याने मात्र भागत नाही. जमिनीवरून अलिबाग, पोयनाड, वडखळ, पेण असा रस्ता उरतोच, आणि खेळाडू तो शोधणार हे निश्चित; तेव्हा तो रस्ता कोण रोखून आहे, गावाला दाणागोटा कुठून येतो, तक्रार पोलिसांपर्यंत का पोहोचत नाही, याची उत्तरे गावातल्या माणसांच्या वागण्यातून मिळावी लागतील. कथेचा काळही आधी ठरवावा लागेल, कारण मार्च 2020 मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत मोटारींसह माणसे नेणारी रो-रो सेवा सुरू झाली असून हवामान साथ देते तेव्हा ती पावसाळ्यातही चालते. 1990 च्या मांडव्याला जी नाकेबंदी शोभेल, ती आजच्या मांडव्यावर जशीच्या तशी लादता येणार नाही.