दिवाडी, नार्वे आणि कँडी

डिचोली तालुक्यातल्या नार्व्याहून फेरीबोट सुटली की बघता बघता दिवाडी बेटाला टेकते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पाडलं, तेव्हा भाविकांनी देवाला हेच पाणी ओलांडून नार्व्याला नेलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. बार्देशातल्या सांगोल्ड्याची शांतादुर्गाही अशीच पेडण्यातल्या धारगळीला गेली. पेडणे आणि डिचोली तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर होते. देवांना आणि माणसांना तिथे आसरा मिळाला.

त्याच शतकांत गोव्यातले काही तरुण ख्रिस्ती पाद्री सेवेसाठी समुद्रापार गेले. त्यांच्या वाटचालीतही आसऱ्याला मोठी जागा आहे.

जुझे वाझ यांचा जन्म १६५१ चा, बाणावलीचा; घराणं सांकवाळचं. १६७६ मध्ये दीक्षा मिळाल्यावर त्यांनी सांकवाळला लॅटिनची शाळा काढली आणि सेमिनरीत जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना शिकवलं. मन मात्र सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे होतं. डचांनी तिथला किनारा पोर्तुगीजांकडून घेतला होता आणि कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातली होती. गोव्यात एका धर्माची देवळं पडली होती, तिकडे दुसऱ्याच्या प्रार्थना चोरून होत होत्या.

१६८५ मध्ये वाझ जुन्या गोव्यातल्या तरुण देशी पाद्र्यांच्या गटात सामील झाले. त्यातूनच गोव्याची ओरेटरी हा पाद्र्यांचा संघ उभा राहिला. १६८७ मध्ये सिलोनमधल्या जाफन्याला ते उतरले तेव्हा सोबत एक सेवक होता आणि अंगावर भिकाऱ्याचा वेश. प्रवासातच हगवणीने गाठलं होतं. एका बाईने आणून दिलेल्या पेजेवर ते तगले. सेवा करायला निघालेल्या माणसाला आधी अनोळखी हातांची सेवा घ्यावी लागली.

१६९२ मध्ये तिथल्याच कँडीला पोचताच पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. पण कँडीचा बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने हळूहळू मोकळीक दिली. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ पसरली, तेव्हा वाझ यांचा भाचा जुझे कार्व्हालो मदतीला आलेला होता. राजासह अनेक जण शहर सोडून गेले. रोग्यांना नातलग रानात टाकून जात. मामा-भाच्याने त्यांच्यासाठी झोपड्या उभारल्या, रिकाम्या घरांत त्यांची सोय केली, त्यांना अन्न दिलं, जखमा धुतल्या, मृतांना मूठमाती दिली. धर्म कुणाचाच विचारला नाही. गोव्यात हीच ओरेटरी फक्त ख्रिस्ती ब्राह्मणांना प्रवेश देत होती. घरी जी भिंत पडली नव्हती, ती रोग्याच्या उशाशी पडली.

१७०५ मध्ये दिवाडीचे पाद्री जाकोम गोन्साल्विस सिलोनला आले. त्यांनी सिंहली आणि तमिळ आत्मसात केल्या, शब्दकोश केले आणि 'देववेद पुराणय' हा ग्रंथ सिंहलीत लिहिला. लोकांना आपली भाषा शिकवण्याआधी त्यांची भाषा शिकणं, हीसुद्धा सेवाच होती.

१६ जानेवारी १७११ ला वाझ कँडीतच वारले. मायदेशी ते कधीच परतले नाहीत. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले, त्यात ओरेटरीही गेली. २०१५ मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी वाझ यांना संत घोषित केलं.

आज तरुणांचे गट सेवेसाठी परदेशी निघतात तेव्हा त्यांनी ही वाट जरूर आठवावी. वाझ यांची चोवीस वर्षांची सेवा एका परक्या बाईच्या पेजेवर सुरू झाली आणि दुसऱ्या धर्माच्या राजाच्या आसऱ्याने टिकली. रानात टाकलेल्या रोग्याला त्यांनी जे दिलं, ते आधी त्यांना मिळालेलं होतं. नार्व्याच्या धक्क्यावर उभं राहून दिवाडीकडे पाहिलं की मला आधी आसरा देणारे आठवतात, आणि त्यांच्यामागून निघालेले.