दोनदाच तोलायचं!

बालमित्रांनो, आधी एक कोडं घ्या. आठ गोळ्या आहेत, दिसायला अगदी सारख्या. त्यांतली एक किंचित जड आहे. जवळ तराजू आहे, पण वजनं नाहीत. फक्त दोनदा तोलून जड गोळी शोधायची. जमेल? थांबा, उत्तर लगेच वाचू नका. आधी वहीत करून बघा.

हा प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत विचारला होता. आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी. तिचे वडील पाण्यात जाळं टाकतात. चिलापी मिळाली की भिगवणच्या बाजारात नेतात. सुट्टीत तीही बरोबर जायची.

संगणकाची पदवी घेऊन ती पहिल्या मुलाखतीला गेली. अशा ठिकाणी आधी लेखी परीक्षा असते. त्यात गणित, तर्क, इंग्रजी. मग विषयाचे प्रश्न, कागदावर प्रोग्रॅम लिहिणं आणि शेवटी गप्पांसारखी मुलाखत. लेखी परीक्षेत ती पास झाली. पण समोर तिघं साहेब बघितले आणि तिची बोबडीच वळली.

"बाई, उत्तर थोडं थोडं सुचत होतं. पण इंग्रजी चुकलं तर हसतील, म्हणून गप्प बसले," ती मला म्हणाली. नोकरी गेली. घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. वडील मात्र म्हणाले, "आणखी एकदा जाऊन ये, पोरी."

जेऊरहून रेल्वेने ती पुन्हा पुण्याला गेली. तिथे हे गोळ्यांचं कोडं आलं. या खेपेला ती तोडक्यामोडक्या इंग्रजीत मोठ्याने विचार करू लागली. "चार-चार ठेवल्या तर? मग दोन-दोन, मग एक-एक. तीनदा तोलावं लागतं. म्हणजे हे चुकलं." साहेब हसले नाहीत. "पुढे बोला," म्हणाले.

तिला बाजारातला तराजू आठवला. सगळा माल एकदम पारड्यात कुठे घालतो आपण? काही बाहेर ठेवू! तीन-तीन पारड्यांत, दोन बाहेर. पारडी समान राहिली, तर जड गोळी बाहेरच्या दोघींत. त्या एकमेकींशी तोलायच्या. एक पारडं खाली गेलं, तर त्यातल्या तिघींपैकी दोन तोलायच्या. त्या समान निघाल्या, तर तिसरी जड. झालं की दोनदात!

तिला नोकरी मिळाली. साहेब म्हणाले, "चूक तुम्ही स्वतःच पकडलीत, ते आवडलं."

मुलाखतीतून काय घडू शकतं बघा. १९७८ साली मुंबईत पटनी कंपनीत नंदन नीलेकणी या तरुणाची मुलाखत नारायण मूर्तींनी घेतली आणि त्याला कामावर घेतलं. तीनच वर्षांनी, १९८१ मध्ये, या दोघांनी आणखी पाच सोबत्यांसह पुण्यात इन्फोसिस सुरू केली.

आता माझी एक चूक सांगते. ही मुलगी चौथीत माझ्या वर्गात होती. कधी तोंड उघडायची नाही आणि मी तिला "शहाणी मुलगी" म्हणायचे! आता माझ्या वर्गात नियम आहे. उत्तर चुकलं तरी चालेल, पण ते कसं काढलं ते सगळ्यांना सांगायचं. पालकहो, घरीही "गप्प बस" जरा कमी म्हणूया का?

आणि मुलांनो, गोळ्या आठऐवजी नऊ असत्या तर? दोनदाच तोलायचं बरं का!