खाण्याचा सोडा : औषध किती, अफवा किती?



"रोज सकाळी कोमट पाण्यातून चमचाभर खाण्याचा सोडा घ्या, शुगर, प्रेशर, कॅन्सर सगळं जातं" असे मेसेज आपल्या मोपा-पेडण्यापासून केरी-मोरजीपर्यंत मोबाईलवर येत असतात. यात खरं किती, ते थोडक्यात सांगतो.

खरं एवढंच की सोडा पोटातल्या आम्लाला मारतो. लिंबूपाण्यात सोडा टाकल्यावर जसा फेस येतो, तसंच पोटात होतं. ढेकर येते, जळजळ थोडा वेळ थांबते. कधीतरी अर्धा चमचा सोडा पाण्यात पूर्ण विरघळवून घेतला, तर धडधाकट मोठ्या माणसाला सहसा बाधत नाही.

शुगर किंवा कॅन्सर मात्र सोड्याने जात नाही. सोड्याने कॅन्सर बरा करतो म्हणणाऱ्या इटलीच्या सिमोन्चिनी या डॉक्टरची डॉक्टरकी काढून घेतली गेली आणि कोर्टाने त्याला शिक्षाही केली.

प्रेशर तर सोड्याने वाढू शकतं. एका चमचा सोड्यात साधारण १२०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभराचं सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवा. आपल्या घरात सुकी नि खारवलेली मासळी आधीच असते, वर रोज सोडा कशाला? प्रेशर, हृदय, किडनीचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नये. भरपेट जेवणावर किंवा दारूवर जास्त सोडा घेऊन पोट फाटल्याच्याही नोंदी आहेत. धुण्याचा सोडा वेगळा, तो पोटात गेला तर आतून भाजतो. दोन्ही डबे वेगळे ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. होडीवर कुणाच्या छातीत दुखलं की "गॅस झालाय, सोडा घे" असं आपण सहज म्हणतो. पण छातीत दाब, घाम, दम लागणं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, ही हार्ट अटॅकची लक्षणं असू शकतात. ढेकर आली म्हणजे धोका टळला असं नाही. जाळं ओढणं थांबवा, माणसाला बसवा, होडी किनाऱ्याकडे वळवा. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाला १५५४ वर, जमिनीवर असाल तर १०८ वर फोन करा. सरकारी आरोग्य केंद्रात ईसीजी निघतो. तिथे लवकर पोचलेला माणूस वाचण्याची शक्यता जास्त.

तांडेल आणि होडीमालकांनी हे दोन्ही नंबर होडीवर ठळक लिहून ठेवावेत, ही विनंती.