सप्तसागरांच्या गावात आठवा सागर

उज्जैनला सात सागर आहेत. रुद्रसागर, क्षीरसागर, पुष्करसागर, गोवर्धनसागर, विष्णुसागर, रत्नाकरसागर आणि पुरुषोत्तमसागर. अधिक महिन्यात भाविक या तलावांची यात्रा करतात, रुद्रसागराला तर मीठही वाहतात. पण पाणी एकाचंही खारं नाही. खरा समुद्र इथून तीनशे किलोमीटरहून लांब आणि जवळपास पाचशे मीटर खाली. अशा गावात खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे तर समुद्र घरीच तयार करावा लागतो. नवल म्हणजे तो तयार होतो!

याचं श्रेय समुद्राच्या एका अजब सवयीला. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केलं. रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी त्यातले ७७ नमुने तपासून १८८४ मध्ये निष्कर्ष मांडले. खारटपणा जागोजागी कमीजास्त होता, पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडे सारखंच निघालं. म्हणूनच समुद्राचं मीठ पिशवीत भरून विकता येतं. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळले की झाला समुद्र.

अट एकच, ज्या पाण्यात मीठ घालायचं ते आधी कोरं हवं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम, कधी नायट्रेट. म्हणून पाणी आधी क्लोरीन काढणाऱ्या कार्बनच्या गाळणीतून, मग आरओच्या मेंब्रेनमधून जातं आणि शेवटी रेझिनच्या बारीक मण्यांतून. हे मणी उरलेसुरले क्षार धरून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजन व हायड्रॉक्सिल सोडतात. ते दोन्ही एकत्र आले की पाणीच तयार होतं! म्हणजे गाळणी मळ काढते आणि त्याच्या जागी पाणी ठेवते. स्वयंपाकघरातला आरओ मात्र इथे चालेलच असं नाही, कारण बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम परत मिसळलेले असतात.

पाणी कोरं करणं सोपं, कोरं ठेवणं अवघड. असं पाणी हावरं असतं. झाकण उघडं राहिलं की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि सातवर असलेला पीएच साडेपाचच्या आसपास उतरतो. धातूचाही अंश ते उचलतं. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपल्याकडे आरोग्याला चांगलं मानतात. पण कोळंबी, शंख, प्रवाळ यांना तांबं अगदी थोडंसुद्धा मारक ठरतं. त्यामुळे हंडा नको, पितळी तोटीही नको. खाद्यपदार्थांसाठीचा प्लास्टिकचा ड्रम घ्यावा. भंगारात मिळणारा निळा ड्रम स्वस्त पडतो, पण त्यात आधी कोणतं रसायन होतं हे कोण सांगणार?

क्लोरीन काढून टाकलं म्हणजे पाण्याचा राखणदारही गेला. मग ड्रमच्या आतल्या भिंतीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, उजेड मिळाला तर शेवाळ येतं. डेंग्यूचा डासही साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. तेव्हा झाकण घट्ट हवं, ड्रम अंधाऱ्या कोपऱ्यात हवा आणि अधूनमधून रिकामा करून घासायला हवा. फिनेल, अगरबत्ती, डासांचा स्प्रे यांच्यापासून तो लांब ठेवावा. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, म्हणून त्याची जागा फळीवर नाही, जमिनीवर. भरताना आपोआप बंद होणारा फ्लोट व्हॉल्व्ह लावला, तर रात्रीतून दिवाणखान्यात तळं होणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर माळव्याच्या उन्हाळ्यात आहे. माशांच्या टाकीतून पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं. शंभर लिटरमधले पाच लिटर उडाले, की ३५ चा खारटपणा ३७ च्या जवळ जातो. म्हणून रोजची भर कोऱ्या पाण्याचीच घालायची. तीच जर ३०० टीडीएसच्या (म्हणजे लिटरमागे ३०० मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांच्या) नळाच्या पाण्याची घातली, तर रोज दोन लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार टाकीत जमतात. वर्षाचे झाले २१९ ग्रॅम!

थेंबाथेंबाचा हा हिशेब उज्जैनकरांना नवा नाही. महाकालेश्वराच्या ज्योतिर्लिंगाची झीज होत असल्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०१७ मध्ये मंदिर समितीने मांडलेल्या उपायांत जलाभिषेकासाठी प्रत्येक भाविकाला अर्धा लिटर आरओचं पाणी, असाही एक उपाय होता. एका अभिषेकाने पाषाण झिजत नाही. रोजच्या हजारोंनी झिजतो. टाकीचंही तसंच, नळाच्या एका तांब्याभर पाण्याने काही बिघडत नाही, रोजच्या तांब्याभराने बिघडतं.

आरओतून एक लिटर कोरं पाणी मिळताना दोन-तीन लिटर वाया जातं. ते लादी पुसायला, संडासात ओतायला वापरा. आणि साठवलेलं पाणी टाकीत ओतण्याआधी दरवेळी त्यात टीडीएस मीटर बुडवा. आकडा शून्याजवळ असेल आणि वास येत नसेल, तर बिनधास्त वापरा. आकडा चढला असेल, तर ते पाणी झाडांना घाला आणि ड्रम घासायला घ्या.