स्कूबा इन्स्ट्रक्टर व्हायचंय? पैसे भरायच्या आधी हे ऐका

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी आपल्या गप्पा इथे लिहून काढल्यात. थोडी काटछाट केलीय, बाकी बोललो तसंच आहे.

मालवणहून एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला होता. दोन सीझन तो टुरिस्टांच्या बोटीवर काम करतोय. म्हणाला, "दादा, इन्स्ट्रक्टरचा कोर्स करायचाय. पॅडीचा करू की एसएसआयचा? आणि घरचे विचारतायत, एवढे पैसे टाकून काम मिळेल ना?"

पहिला प्रश्न पटकन मिटवू. पॅडी, एसएसआय, सीमास या सगळ्या जगभर चालणाऱ्या संस्था आहेत. तुम्हाला जिथे काम करायचंय तिथली सेंटर्स कुणाशी जोडलेली आहेत ते बघा आणि तीच संस्था धरा. नंतर बदलता येतं, पण त्यासाठी वेगळा कोर्स आणि वेगळे पैसे. खरी निवड पुढे आहे.

पॅडीचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे ते नाव जास्त ऐकू येतं. ओपन वॉटर, मग ॲडव्हान्स्ड, मग रेस्क्यू, मग डाइव्हमास्टर. डाइव्हमास्टरसाठी वय 18 पूर्ण हवं, सुरुवातीला लॉगबुकात 40 डाइव्ह हव्यात आणि कोर्स संपेपर्यंत 60. त्यानंतर येतो आयडीसी, म्हणजे इन्स्ट्रक्टर घडवणारा कोर्स, आणि शेवटी आयई ही परीक्षा. परीक्षेला बसताना 100 डाइव्ह झालेल्या असाव्या लागतात. शिवाय तुम्हाला सर्टिफाइड डायव्हर होऊन निदान सहा महिने झालेले हवेत.

म्हणजे कागदावर बघितलं तर सहा-सात महिन्यांत शून्यातून इन्स्ट्रक्टर होता येतं. तशी पॅकेजेस विकलीही जातात. इथेच जरा थांबा.

त्या 100 डाइव्ह कशा आहेत, हे महत्त्वाचं. एकाच जागी, सहा-सात मीटरवर, टुरिस्टाचा हात धरून, फोटो काढून वर, अशा शंभर झाल्या तर आकडा भरतो. पण प्रवाह, गढूळ पाणी, रात्रीची डाइव्ह, खोल डाइव्ह यातलं काहीच अंगात मुरत नाही. आणि उद्या ओपन वॉटरच्या कोर्सला एका इन्स्ट्रक्टरबरोबर खुल्या समुद्रात आठ विद्यार्थी असू शकतात. पाणी खराब असेल तर कमी न्यायचे, हा निर्णय तुमचा. मालक म्हणतोय चला, बोट भरलीय, आणि तुम्ही म्हणायचं, आज चौघांच्या वर नाही. ती हिंमत शंभर सोप्या डाइव्हमधून येत नाही.

आयडीसीमध्ये पोहायला शिकवत नाहीत, शिकवायला शिकवतात. तुमच्याबरोबरचे उमेदवारच विद्यार्थी होतात आणि मुद्दाम चुका करतात. कुणी मास्कमध्ये पाणी आल्यावर गडबडतो, कुणी हळूच वर तरंगायला लागतो. तुमचं लक्ष समोरच्याकडे असताना मागच्याची चूक दिसली का, हे तपासलं जातं. पाण्याखाली ओरडून सांगता येत नाही, सगळा खेळ नजरेचा आणि हातांच्या खुणांचा. परीक्षा घ्यायला बाहेरचा परीक्षक येतो, तुमचा शिक्षक नाही. त्यामुळे "आमच्याकडे पास होणारच" असं कुणी म्हणालं तर काढता पाय घ्या.

मग सेंटर निवडायचं कसं? फोनवर दर विचारू नका, जाऊन बघा. कोर्स डायरेक्टर स्वतः पाण्यात उतरतो का, एका बॅचला किती जण असतात, आयडीसीच्या आधी खऱ्या विद्यार्थ्यांबरोबर मदतनीस म्हणून राहायला मिळतं का. हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवेन. महाराष्ट्रात तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे, तिथे प्रशिक्षणाचा तलावही आहे. अंदमानात पाणी स्वच्छ आणि सेंटर्स बरीच. थायलंडचं को ताओ तर यासाठीच प्रसिद्ध, फक्त विमान आणि राहण्याचा खर्च धरा.

खर्चाचं म्हणाल तर लेखी मागा. कोर्सची फी, पुस्तकं, फर्स्ट एड शिकवण्याचा इन्स्ट्रक्टर कोर्स, परीक्षेची फी, संस्थेची दरवर्षीची मेंबरशिप हे बऱ्याचदा वेगवेगळं असतं. जाहिरातीत दिसतो तो यातला एकच आकडा. स्वतःचं रेग्युलेटर, बीसीडी, कॉम्प्युटर घ्यावं लागलं तर अजून वर. सगळं मिळून लाखांत जातं.

घरच्यांच्या प्रश्नावर खोटं बोलणार नाही. कोकणात पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणजे ते महिने कमाई नाही. म्हणून माझं मत असं, की आधी डाइव्हमास्टर व्हा आणि एक-दोन सीझन त्यावर काम करा. थोडे पैसे सुटतात, डाइव्ह वाढतात आणि शिकवणं आपल्याला आवडतं का तेही कळतं. पुण्या-नाशिकची घाबरलेली मंडळी येतात ना, त्यांना मराठीत धीर देणारा माणूस सेंटरला हवाच असतो.

आणि मालवणच्या मित्रा, सगळ्यात आधी मेडिकल फॉर्म घे आणि डॉक्टरकडे जा. दमा, कानाचा जुना त्रास, सायनस, काहीही लपवू नकोस. ॲडव्हान्स भरायचा तो त्यानंतर. फॉर्मवर सही झाली की मेसेज कर, सेंटर्सची यादी घेऊन बसू.