एक पेटी, दोन पडदे

उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी एका घराने घेतल्या म्हणून शेजाऱ्याचा वाटा घटत नाही. मग त्याच घरातील दुसऱ्या खोलीतल्या दूरचित्रवाणी संचासाठी वेगळे पैसे का मोजावेत, हा मध्यमवर्गीय ग्राहकाचा प्रश्न गैरलागू नाही. सेट-टॉप बॉक्सपासून दुसऱ्या संचापर्यंत तार नेता येते आणि चित्र दोन्हीकडे उमटते. मात्र साध्या पेटीतून एका वेळी एकच वाहिनी बाहेर पडते. आजोबांनी बातम्या लावल्या की आतल्या खोलीतही बातम्याच! तारेने चित्र वाटले जाते, निवड नव्हे. निवडीसाठी दुसरी पेटी हवी आणि तिचा खर्च ग्राहकाने जरूर सोसावा. परंतु छपरावरील डिश तीच असताना संपूर्ण शुल्क पुन्हा आकारणे न्याय्य ठरत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये दुसऱ्या संचाचे नेटवर्क शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांहून अधिक नसावे असे ठरविले, ते उचितच होते. २०२४ मध्ये मात्र या शुल्काची १३० व १६० रुपयांची कमाल मर्यादाच उठविण्यात आली. दर ठरविणे कंपन्यांवर सोपविले गेले. स्पर्धेने दर आटोक्यात राहतात खरे. पण त्यासाठी ग्राहकाने दुसरी पेटी घेण्यापूर्वी दर विचारले पाहिजेत, ताडून पाहिले पाहिजेत. न विचारणाऱ्या ग्राहकाचे रक्षण बाजारपेठ करीत नाही.