उताणे, पालथे आणि मंगलोरी

संपादकांनी 'कोकणातल्या जुन्या घरांची छपरं' असा विषय दिला आणि पानांची मर्यादाही घालून दिली. मर्यादा मी पाळणार आहे. मात्र कुठल्या छपराला किती जागा द्यायची ते माझं मी ठरवणार. गवताला एक परिच्छेद, पत्र्याला अर्धा, बाकी सगळं कौलांना, आणि त्यातही झुकतं माप नळ्यांना. चाळीस वर्षं या एका गोष्टीपायी मी लोकांचे ओटे झिजवले आहेत. आता या वयात तटस्थपणाचं सोंग कशाला?

गवताचं आटपून घेऊ. किनाऱ्याला माडाची झापं, आतल्या अंगाला भाताचा पेंढा नाहीतर डोंगरचं गवत. दरसाल शाकारायचं आणि एक ठिणगी पडली की वाडीच्या वाडी भस्म. गवती छपराबद्दल हळहळणाऱ्या बहुतेकांनी त्याखाली एकही श्रावण काढलेला नसतो. मी काढला आहे, मामाकडे. अंगावर पडणाऱ्या किड्यांची नावं सांगत बसत नाही.

नळा म्हणजे काय हे वाचकांना ठाऊक आहे, पण तो होताना पाहिलेले आता थोडेच असतील. कुंभार चाकावर मातीचं पोकळ नळकांडं चढवतो, एका तोंडाला रुंद, दुसऱ्याला निमुळतं. ते अर्धवट सुकलं की दोन्ही अंगांना उभी चीर द्यायची, पण आरपार नाही. आव्यातून भाजून निघालं की हलकासा ठोका, आणि एका नळकांड्याचे दोन नळे. या जुळ्यांचं आपसात जमतं. बाकी कुठल्याही दोन नळ्यांचं तंतोतंत जमत नाही, आणि छपराची सगळी खुबी त्या न जमण्यात आहे.

आधी उताण्यांच्या ओळी, रुंद तोंड आढ्याकडे. दोन ओळींमधल्या फटीवर पालथे, त्यांचं रुंद तोंड वळचणीकडे. खिळा नाही, चुना नाही. नळा बसतो तो स्वतःच्या वजनावर आणि शेजाऱ्याच्या आधारावर. पालथ्यावरचं पाणी उताण्यात, उताण्यातलं खालच्या उताण्यात, असं करत पागोळ्या अंगणात पडतात. वारा मात्र सगळीकडून आत-बाहेर करतो. आमच्या घराला धुराडं नव्हतं. सकाळी चूल पेटली की सबंध छपरातून धूर निघायचा, जणू घरच उकळतंय. त्या धुरानं वासे काळेकुळकुळीत झाले होते आणि भुंगा म्हणून त्यांना शिवला नाही. गॅस आला, आईच्या डोळ्यांचं पाणी थांबलं, हे चांगलंच झालं. पण त्यानंतर दहा वर्षांत माजघरावरचे वासे पिठासारखे गळू लागले. आता मी त्यांना दर दोन वर्षांनी काजूच्या टरफलांचं तेल फासतो. हात भाजतात, वास महिनाभर जात नाही, पण धुराला याहून जवळचा पर्याय मला सापडलेला नाही.

अक्षय्य तृतीया झाली की घर चाळायला काढायचं आणि मिरगाच्या आत मिटवायचं. आजोबा अंगणात खाटेवर बसत. वरून गडी नळे उतरवीत, हातोहात खाली येत, आणि शेवटचा हात आजोबांचा. बोटाच्या पेरानं ठोकायचं. खणखणीत वाजला तर उजवीकडे, बद्द वाजला तर डावीकडे. कड उडालेले पण अंगानं धड असलेले वेगळे, ते पालथ्या नळ्यांत दडवायला. फुटक्यांनाही काम असे. काही गोठ्यापुढच्या चिखलात, काही कुटून सुरखीत. आम्हा पोरांकडे खराटा आणि पोतेरं. वरून काय काय खाली येई: उंदराचं घर, सापाची कात, चिमणीचं काडीकाम, गेल्या वर्षी हरवलेला चेंडू. नवे नळे पहिल्या पावसात पाझरतात म्हणून ते उत्तरेच्या पाख्यावर आणि मुरलेले, शेवाळ खाल्लेले नैर्ऋत्येला, जिथून पाऊस झोडपतो तिथे, असा आजोबांचा दंडक. तीन दिवस घर उघडं, रात्री माजघरात झोपून चांदण्या मोजायच्या. त्या तीन रात्रींसाठी मी वर्षभर वाट बघत असे, हे खरं कारण माझ्या नळेप्रेमाचं. विद्वान मित्रांनी ते माझ्याविरुद्ध वापरायला हरकत नाही.

आता मंगलोरी. याला परंपरा म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. बासेल मिशनची मंडळी मंगलोरला आली १८३४ मध्ये. नेत्रावतीकाठी जेप्पूला त्यांचा कौलांचा कारखाना निघाला १८६५ मध्ये, गेऑर्ग प्लेब्स्ट या कारागीर मिशनऱ्याच्या खटपटीतून. कौल एकमेकांत अडकवायची युक्ती फ्रान्सची. अल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंनी तिचं पेटंट १८४१ मध्येच घेतलं होतं. मंगलोरची माती, नदीतून वाहतूक आणि जवळचं बंदर, एवढ्यावर पुढे तिथे कारखान्यांची रांग लागली, गलबतं भरभरून कौलं आपल्या बंदरांना उतरली आणि कुंभारांचे आवे थंडावत गेले. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचा हा धंदा कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला. म्हणजे आज ज्याला 'टिपिकल कोकणी कौल' म्हणून होमस्टेवाले फोटोत मिरवतात, ते फ्रेंच अकलेचं, जर्मन हातचं आणि कानडी मातीचं कौल आहे. कौल म्हणून उत्तम आहे. पण आपल्या आजोबांच्या आजोबांना ते माहीत नव्हतं, एवढंच माझं म्हणणं.

एक गंमत सांगतो. बासेल मिशनच्या कौलांच्या पोटावर कारखान्याच्या नावाखाली १८६५ हा आकडा असतो. तो कारखान्याच्या जन्माचा, कौलाचा नव्हे. एका अभ्यासकांनी हा आकडा बघून एक घर १८६५ चं ठरवलं आणि तसा निबंधही वाचला. त्या घराची चौकट बसवलेला सुतार माझ्या वडिलांच्या ओळखीचा होता. मी उभं राहून सांगितलं तर अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली.

मंगलोरीनं काय दिलं हेही मान्य करू. सोळा इंच लांब, नऊ-सव्वानऊ इंच रुंद, वजन अडीच किलोच्या आसपास. शंभर चौरस फुटांना दीडशे धरली की भागतं. नळे त्याच जागेला कितीतरी जास्त लागतात. दरसाल सगळं उतरवायला नको. पण काटेकोरपणा मागते. रिपांमधलं अंतर फुटाच्या वर जेमतेम बोटभर, ते चुकलं तर नाक अडकत नाही. उतार तीस अंशांच्या खाली आला की वारा पाणी उलटं वर चढवतो. आणि काचेचं कौल! स्वयंपाकघरात दोन लावलेली असत. त्याचा कवडसा पाटावरवंट्यावर आला की बाराची वेळ. आई घड्याळाकडे कधीच बघत नसे.

पत्र्याबद्दल लिहायचं ते असं: तापतो, वाजतो, गंजतो. सिमेंटचा असेल तर गंजत नाही, फुटतो.

मध्यंतरी धाकट्या भावाकडे धरमशाळेला जाणं झालं. तिथली जुनी घरं स्लेटची, म्हणजे ज्या दगडाच्या पाटीवर आपण गमभन गिरवलं त्याच दगडाची. जवळच खनियाऱ्याच्या खाणी. पातळ फरशा माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक खिळवलेल्या. या छपरांचा मान जगात मोठा. वेल्सच्या वायव्येकडच्या स्लेटच्या खाणींना आणि गावांना २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिकडे स्लेटच्या मापांना बायकांच्या पदव्यांची नावं. चोवीस बाय बाराची डचेस, वीस बाय दहाची काउंटेस. भावाच्या घरमालकाच्या छपराला गळती लागली होती आणि मिस्त्री सगळी स्लेट काढून पत्रा टाका म्हणत होता. मी शिडी लावून चढलो. बोटानं ठोकलं. दगड खणखणीत, अगदी आमच्या आजोबांच्या उजव्या ढिगातला. मेले होते ते खिळे. गंजून मान तुटली की धड दगड घसरायचा. म्हणजे दगडाचं आयुष्य शंभरावर, खिळ्याचं त्याच्या निम्मं, आणि शिक्षा दगडाला. तांब्याचे खिळे आणून त्याच स्लेटी पुन्हा बसवा असं सांगून आलो. ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

आपल्याकडे नेमकं तेच चालतं. छप्पर गळतं म्हणून लोक कौलं बदलतात आणि कौल क्वचितच दोषी असतं. दोषी असते पोफळीची किडलेली रीप, वाकलेला वासा, दोन पाखी मिळतात तिथल्या पन्हळीत साठलेला पाचोळा, नाहीतर आढ्यावरचे कोने बसवताना वापरलेलं सिमेंट. या सिमेंटपुढे मी हात टेकले. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. आढं दरसाल जरासं हलतंच. चुना-सुरखी त्याच्याबरोबर थोडी हलते. सिमेंट हलत नाही, तडकतं, आणि त्या केसाएवढ्या फटीतून आत गेलेलं पाणी आढ्यालाच लागतं. शिवाय पुढे कोना काढायला गेलं की सिमेंट सुटत नाही, कोना सुटा होतो, तुकड्यातुकड्यानं. 'चुना आता कोण मळतो?' असा प्रश्न मला विचारतात. मी मळतो. या बहात्तराव्या वर्षी मळतो.

दुसरा उपद्रव रंगाचा. लाल ऑइलपेंट फासून छप्पर 'नवं' करणारे हल्ली गावोगाव आहेत. कौलाला आतून ओल बाहेर टाकायची असते, वरून तोंड बांधल्यावर ती टाकणार कुठे? दोन पावसाळ्यांत पापुद्रे, आणि पापुद्र्याबरोबर कौलाची भाजलेली साल. शेवाळासाठी प्रेशरचा पाइप मारणारेही त्याच माळेतले मणी. शेवाळ जड झालं असेल तर उन्हाळ्यात सुकल्यावर काथ्याच्या कुंच्यानं झाडावं, तारेच्या ब्रशनं खरवडू नये. आणि मंगलोरी बदलताना शिक्का बघावा. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्यात नीट अडकत नाही. एका पाख्यावर एकाच शिक्क्याची कौलं ठेवावीत, भेसळ करायचीच तर मागच्या पडवीवर. पडलेली घरं मोडणाऱ्यांकडे जुनी कौलं मिळतात. घेताना ठोकून घ्यावीत, लाजू नये.

स्लॅबवर कौलं चिकटवणाऱ्यांबद्दल मागे एका परिसंवादात मी जे बोललो ते छापण्याजोगं नव्हतं. खाली तिरकं काँक्रीट, वर कौलांचा मुखवटा. पाणी अडवायचं काम काँक्रीटचं, कौल नुसतं शोभेचं. वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनीही कौलं स्लॅबमध्ये वापरली, असा दाखला लगेच पुढे येतो. बेकर यांनी टाकाऊ कौलं स्लॅबच्या पोटात भरली, सिमेंट आणि पोलाद वाचावं म्हणून. तुम्ही नवी कौलं स्लॅबच्या डोक्यावर बसवता, जास्तीचं सिमेंट लावून. दाखला देणाऱ्यांनी बेकर वाचलेले नाहीत, पाहिलेलेही नाहीत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, मुरूडपासून खाली दापोली-मंडणगडपर्यंत छपरं गेली, आणि मिरग तोंडावर. ताडपत्रीसाठी रांगा. मी त्यानंतर पंधरवड्यानं दापोलीकडे गेलो. पत्रे अख्खेच्या अख्खे दुसऱ्याच्या बागेत, वाशांसकट. कौलारू घरांची कौलं उडाली होती, पण पाखं पाख्यासारखं उभं होतं. ज्यांच्या पडवीत दोन-तीनशे राखीव कौलं रचलेली होती त्यांनी आठवड्यात घर झाकलं. राखीव ढीग ठेवायची रीत पूर्वी घरोघर होती. हल्ली त्या जागेत मोटारसायकल असते.

वादळ तरी कधीमधी. वानरं रोजची. आंब्यावरून उडी ती थेट पाख्यावर. माणसांनी गजबजलेल्या घरावर ती उतरत नसत. आता घरात दोन म्हातारी आणि मुंबईचं कुलूप. एक नळा घसरला की त्याच दिवशी काठीनं सारायचा असतो. तो पुढच्या गणपतीपर्यंत तसाच राहिला की उताणा ओसंडतो, रीप भिजते, वासा भिजतो, भिंतीची माती सुटते. मी पाहिलेली निम्मी पडकी घरं एका घसरलेल्या नळ्यानं पाडलेली आहेत. जतनासाठी योजना काढा, निधी द्या, असं आमचे तज्ज्ञ म्हणतात. निधीतून पाटी लागते. मी शिडी लावणारा माणूस मागतो. रत्नागिरीला टिळकांचं जन्मघर बघायला जाणाऱ्यांनी ओटीवरचे फोटो काढून झाले की एकदा मान वर करून छप्पर पाहावं. तेही कुणीतरी चढल्यामुळेच उभं आहे.

आमचं घर चाळणारा गडी गेल्या वर्षापर्यंत येत होता. पाय कुठे टाकायचा हे त्याला अंधारातही कळे, वाशाच्या रेषेवर, नळ्याच्या मधोमध कधीच नाही. त्याचा मुलगा चिपळूणला मोबाइल दुरुस्त करतो आणि त्याला दोष देण्याची माझी प्राज्ञा नाही. यंदा मी आणि माझा नातू चढलो. नातू इंजिनियर आहे, त्यानं पहिल्या दिवशी एकोणीस नळे फोडले. दुसऱ्या दिवशी चार.

घराच्या पुढच्या पाख्यांवर वडिलांनीच मंगलोरी घातली. नळे उरलेत ते मागच्या पडवीवर, आणि राखीव ढीग यंदा संपला. माझ्या माहितीतला शेवटचा आवा कधीच बंद झाला. चाकावर नळे काढणारा कुंभार राजापूर, लांजा, देवगड, कुठेही अजून असेल तर वाचकांनी अंकाच्या पत्त्यावर कृपया कळवावं. मला अडीचशे नळे हवे आहेत, येत्या अक्षय्य तृतीयेच्या आत.